रघुनाथराव पेशवे : घरचा तंटा आणि शेजारची फौज



नाशिक शहरातून गंगापूर रोडने पश्चिमेकडे निघालात, की गोदावरी थोड्या अंतरावरून तुमची सोबत करू लागते. आनंदवल्ली, सोमेश्वर, गंगापूर आणि पुढे गोवर्धन परिसरातील आपले मुक्त विद्यापीठ, असा हा रस्ता आहे. संपर्कसत्रासाठी किंवा पदवीच्या कामासाठी तुमच्यापैकी अनेकांचे या रस्त्याने जाणे झाले असेल. वाटेतील आनंदवल्ली पुष्कळांना ठाऊक असते ती तेथील नवश्या गणपतीमुळे. या गावाचे मूळ नाव चावंडस होते असे सांगतात. ते आनंदीबाईंच्या नावावरून आनंदवल्ली झाले. या आनंदीबाई म्हणजे रघुनाथराव ऊर्फ राघोबादादा पेशवे यांच्या पत्नी. अठराव्या शतकात, १७६० नंतरच्या दशकात, रघुनाथरावांनी येथे वाडा बांधला आणि पुण्याशी बिनसले की ते येथे येऊन राहू लागले.

रघुनाथराव हे पेशव्याचे पुत्र, पेशव्याचे बंधू, दोन पेशव्यांचे काका, एका पेशव्याचे वडील आणि काही महिने स्वतः पेशवे. मराठी भाषेच्या अभ्यासकाला त्यांची आणखी एक ओळख करून दिली पाहिजे. अटकेपार झेंडा लावणे आणि ध चा मा करणे हे दोन्ही वाक्प्रचार या एकाच माणसाच्या चरित्राला चिकटलेले आहेत. पहिला पराक्रमाचा, दुसरा कपटाचा. या दोहोंच्या मध्ये जे आयुष्य घडले ते भाषेने फारसे जपलेले नाही; आणि आपल्याला मुख्यतः तेच पाहायचे आहे. राज्यातील दोन पक्ष आपसांत लढत असताना त्यांपैकी एकाने शेजारच्या सत्तेला फौजेसह घरात बोलावले, तर त्या फौजेचे, त्या राज्याचे आणि बोलावणाऱ्याचे काय होते, हा प्रश्न मनात ठेवून हे चरित्र वाचा. शेजारची सत्ता म्हणजे येथे मुंबई बेटावरील ईस्ट इंडिया कंपनी. त्या काळी मुंबई हा मराठी राज्याचा भाग नव्हता, हे आज मुद्दाम आठवावे लागते. माहीमची खाडी ओलांडली की दुसऱ्याचे राज्य लागत असे.

रघुनाथरावांचा जन्म १८ ऑगस्ट १७३४ रोजी साताऱ्याजवळील माहुली येथे झाला. पहिले बाजीराव आणि काशीबाई यांचे ते पुत्र. १७४० मध्ये रावेरखेडी येथे बाजीराव वारले तेव्हा रघुनाथराव सहा वर्षांचेही नव्हते. पेशवाईची वस्त्रे त्यांचे थोरले बंधू बाळाजी बाजीराव, म्हणजे नानासाहेब, यांना मिळाली. दोघा भावांत जवळजवळ चौदा वर्षांचे अंतर होते. त्यामुळे नानासाहेबांच्या हयातीत वाटणीचा प्रश्न उभा राहिला नाही. धाकट्याने मोहिमेवर जावे आणि थोरल्याने कारभार पाहावा, अशी घडी बसली होती.

उत्तरेकडील पहिल्या मोहिमेत, १७५४ मध्ये, रघुनाथरावांनी सुरजमल जाटाच्या कुंभेर किल्ल्याला वेढा घातला. मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव, म्हणजे अहिल्याबाईंचे पती, याच वेढ्यात मारले गेले. किल्ला हाती आला नाही. खंडणीच्या करारावर वेढा उठवावा लागला. दुसरी मोहीम अधिक गाजली. १७५७ मध्ये त्यांनी दिल्लीतून नजीबखानाला काढले, पुढच्या वर्षी सरहिंद घेतले आणि एप्रिल १७५८ मध्ये ते लाहोरात पोहोचले. अहमदशाह अब्दालीचा मुलगा तैमूरशाह पंजाब सोडून मागे हटला होता. मराठी तुकड्या त्याचा पाठलाग करत सिंधू नदीपर्यंत, म्हणजे अटकेपर्यंत गेल्या. स्वतः रघुनाथराव मात्र लाहोरहून माघारी वळले. अटकेला गेले ते त्यांचे सरदार. वाक्प्रचाराने हा तपशील गाळला आहे. दुसरा एक तपशीलही गाळला आहे. पंजाबचा कारभार वर्षाला ७५ लाखांच्या बोलीवर अदीना बेगकडे सोपवून दादासाहेब परत आले, तो अदीना बेग काही महिन्यांतच मरण पावला. मोहिमेने तिजोरी भरण्याऐवजी सुमारे ८० लाखांचे कर्ज घरी आणले. सदाशिवरावभाऊंनी या हिशेबावर बोट ठेवले आणि पेशव्यांच्या घरात कडवटपणा आला. १७६० मध्ये पानिपताकडे जाणाऱ्या फौजेचे नेतृत्व भाऊंकडे गेले, त्यामागे या हिशेबाचाही हात होता.

रणांगणावर ते शूर होते, याविषयी त्यांच्या शत्रूंनाही शंका नव्हती. शंका होती ती त्यांच्या हिशेबाविषयी. सैन्य किती दिवस पोसता येईल, मिळालेला मुलूख कोण सांभाळील, दिलेल्या शब्दाची किंमत पुढे कोण मोजील, या प्रश्नांकडे ते वळत ते फार उशिरा. पुढील वीस वर्षांचा उलगडा करताना मला हा स्वभावदोष त्यांच्या महत्त्वाकांक्षेइतकाच महत्त्वाचा वाटतो.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले आणि २३ जून १७६१ रोजी नानासाहेब वारले. त्यांचे चिरंजीव माधवराव सोळा वर्षांचे होते. काका सव्वीस वर्षांचे. वस्त्रे पुतण्याला मिळाली आणि कारभार काकांनी पाहावा असे ठरले. ही व्यवस्था वर्षभरच टिकली. माधवराव स्वतंत्र बुद्धीचे निघाले, तेव्हा रघुनाथरावांनी पुणे सोडले आणि फौज जमवली. ती अपुरी होती, म्हणून त्यांनी हैदराबादच्या निजामाची मदत घेतली. नोव्हेंबर १७६२ मध्ये घोडनदी आणि आळेगाव येथे काका-पुतण्यांच्या फौजा लढल्या. घरचे सैन्य घरच्याच सैन्याशी लढून संपेल हे पाहून माधवराव स्वतः काकांच्या छावणीत गेले आणि त्यांच्या स्वाधीन झाले. मदतीच्या मोबदल्यात निजामाला उदगीरच्या विजयात मिळालेल्या मुलखाचा मोठा भाग परत द्यावयाचा होता. हे वचन पूर्णपणे पाळले गेले नाही, निजाम चालून आला, पुणे लुटले गेले आणि १० ऑगस्ट १७६३ रोजी राक्षसभुवनच्या लढाईत काका-पुतणे एका बाजूने लढून जिंकले.

ही हकीकत मी थोडी रेंगाळून सांगितली, कारण पुढच्या मोठ्या संकटाची ती रंगीत तालीम होती. शेजाऱ्याला बोलावणे, मुलूख देऊ करणे, काम झाल्यावर हात आखडता घेणे आणि मग त्याच शेजाऱ्याशी लढणे. यावेळी ते जमले. निजामाची फौज मराठ्यांच्या फौजेसारखीच होती. तिची माणसे, तिची घोडी, तिच्या पगाराची थकबाकी, सारे ओळखीचे होते. या ओळखीने रघुनाथरावांचा एक समज पक्का केला असावा, की बोलावलेली फौज परत पाठवता येते.

त्यानंतरची काही वर्षे ते आनंदवल्ली आणि पुणे यांच्या दरम्यान हेलकावे खात राहिले. राज्याचा अर्धा हिस्सा मिळावा ही त्यांची मागणी होती. येथे भाषेकडे लक्ष द्या. हिस्सा, वाटणी, वडिलार्जित, भाऊबंद हे सारे शब्द शेतजमिनीच्या आणि वतनाच्या तंट्यातले आहेत. पेशवाई हे छत्रपतींच्या राज्यातील प्रधानपद होते. परंतु तिच्या वारशाविषयी बोलताना रघुनाथराव, आणि त्यांच्या वेळचे इतर पुष्कळ जण, वतनाचेच शब्द वापरत. भाऊबंदकी हा आपल्या भाषेतील एक अर्थघन शब्द आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०९ मध्ये याच घराण्याच्या कलहावर लिहिलेल्या नाटकाला तेच नाव दिले. माधवरावांनी वाटणी साफ नाकारली. १७६८ मध्ये रघुनाथरावांनी पुन्हा उठाव केला. आपल्याच नाशिक जिल्ह्यातील चांदवडजवळच्या धोडप किल्ल्यापाशी, १० जून १७६८ रोजी, पुतण्याने त्यांचा पराभव केला आणि त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले. त्याच वर्षी त्यांनी भुस्कुटे घराण्यातील अमृतराव यांना दत्तक घेतले होते.

१८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे माधवराव क्षयाने वारले. धाकटे बंधू नारायणराव पेशवे झाले आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी त्यांचा खून केला. मरताना पुतण्याने काकाला मिठी मारली होती, ही कथा तुम्ही लहानपणापासून ऐकली असेल. गारद्यांना दिलेल्या लेखी हुकमात मूळ शब्द धरावे असा होता, आनंदीबाईंनी तो मारावे असा केला, ही आख्यायिकाही सर्वश्रुत आहे. तिच्या खरेपणाबद्दल इतिहासकारांत एकमत नाही. भाषेचा विद्यार्थी म्हणून एवढे टिपून ठेवा, की आख्यायिकेत एकाच अक्षराची अदलाबदल आहे, आणि लोकांनी ध चा म न म्हणता ध चा मा म्हटले. कान्यासकट अक्षर लक्षात ठेवले. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांची चौकशी आख्यायिकेवर अवलंबून नव्हती. त्यांनी रघुनाथरावांना दोषी ठरवले आणि पुणे सोडले. दोषी ठरलेला माणूस तोवर पेशवा झाला होता.

या कथेतील गारदी या शब्दावर थोडे थांबू. युरोपीय भाषांतील पहारा या अर्थाच्या शब्दाशी त्याचे नाते आहे. कवायती पद्धतीने शिकवलेले, बंदुका चालवणारे, महिन्याच्या पगारावर ठेवलेले पायदळ म्हणजे गारदी. उदगीरला निजामाकडे गारदी होते, पानिपतला आपल्याकडे इब्राहिमखान गारदी होता. ज्याच्याकडे पैसा त्याच्याकडे गारदी, असा तो काळ होता. रघुनाथरावांनी मुंबईकर इंग्रजांकडे पाहिले ते याच नजरेने, असे माझे मत आहे. त्यांना वाटले, ही अधिक चांगली कवायत केलेली, अधिक चांगल्या तोफा बाळगणारी गारद्यांची पलटण आहे. पगार द्यावा, काम करून घ्यावे. त्यांच्यासमोर खरोखर उभे होते ते एक राज्य, आणि त्या राज्याला स्वतःची जुनी भूक होती.

भूक होती साष्टी आणि वसईची. नकाशा समोर घ्या. मुंबई बेटाच्या उत्तरेला खाडीपलीकडे लागूनच साष्टी आहे, आज आपण जिला मुंबईची उपनगरे म्हणतो ती भूमी. साष्टी मराठ्यांकडे होती, म्हणजे मुंबईच्या उंबरठ्यावर मराठ्यांचे ठाणे होते. ती आणि वसई १७३७ ते १७३९ या काळात पोर्तुगीजांकडून जिंकून घेतली होती ती चिमाजीअप्पांनी, रघुनाथरावांच्या सख्ख्या चुलत्यांनी. लंडनहून कंपनीचे संचालक ही ठिकाणे मिळवण्याविषयी मुंबईला सुचवत होते. १७७२ मध्ये मुंबईकरांनी थॉमस मॉस्टिन या वकिलाला पुण्यात ठेवले, त्यामागेही हाच हेतू होता. मागून साष्टी मिळणार नव्हती. पेशव्यांच्या घरात तंटा लागला तरच ती मिळण्याची आशा होती. आणि आता तो लागला होता.

पुण्यातील मुत्सद्द्यांनी, म्हणजे सखारामबापू बोकील, नाना फडणीस, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे आदींनी, रघुनाथराव मोहिमेवर गेलेले पाहून राज्य आपल्या हाती घेतले. या मंडळाला बारभाई म्हणतात. नारायणरावांच्या गरोदर पत्नी गंगाबाई यांना त्यांनी पुरंदरावर नेले. मार्च १७७४ मध्ये पंढरपूरजवळ कासेगाव येथे रघुनाथरावांनी पेठ्यांचा पराभव केला, पेठे जखमी होऊन वारले. लढाई जिंकूनही पुणे मात्र हाती आले नाही. १८ एप्रिल १७७४ रोजी गंगाबाईंना मुलगा झाला. चाळीस दिवसांच्या त्या बालकाला, सवाई माधवरावांना, पेशवाईची वस्त्रे देण्यात आली. रघुनाथरावांचा दावा त्या दिवशी संपला. ते उत्तरेकडे वळले, शिंदे-होळकरांकडे आशेने पाहिले, निश्चित उत्तर मिळाले नाही. आनंदीबाई पुन्हा गरोदर होत्या. त्यांना धारच्या किल्ल्यात ठेवून ते गुजरातेत उतरले. जानेवारी १७७५ मध्ये धारला आनंदीबाईंना मुलगा झाला. तोच पुढे दुसरा बाजीराव.

आता घटनांचा क्रम नीट लक्षात घ्या. रघुनाथरावांशी बोलणी चालू असतानाच, कोणताही तह झालेला नसताना, डिसेंबर १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याच्या किल्ल्यावर हल्ला करून तो घेतला. पोर्तुगीजांचे आरमार साष्टी परत घेण्यासाठी येत आहे, तेव्हा आम्ही आधी घेतलेली बरी, हे कारण देण्यात आले. बोलणी चालू असताना मोबदला आधीच उचलला होता. फेब्रुवारी १७७५ मध्ये मही नदीजवळ हरिपंत फडक्यांनी रघुनाथरावांची फौज उधळली. मोजक्या माणसांनिशी ते खंबायतला आणि तेथून समुद्रमार्गे सुरतेला पोहोचले. ६ मार्च १७७५ रोजी सुरतेचा तह झाला. इंग्रजांनी २,५०० सैनिक द्यावेत, रघुनाथरावांनी त्यांच्या खर्चासाठी दरमहा दीड लाख रुपये द्यावेत, हमी म्हणून सहा लाखांचे जडजवाहीर ठेवावे, आणि साष्टी, वसई व सुरत-भडोचच्या महसुलातील हिस्सा कंपनीला द्यावा, अशी कलमे होती. दरमहा दीड लाखाचे कलम पलटणीचा पगार ठरवणारे दिसते. साष्टी-वसईचे कलम वेगळ्याच जातीचे आहे. एका कागदावर दोन भाषा होत्या आणि सही करणाऱ्याने त्यांतली एकच वाचली.

कर्नल कीटिंगची फौज आणि रघुनाथरावांची फौज एकत्र झाली. १८ मे १७७५ रोजी अडास येथे हरिपंतांशी लढाई झाली. इंग्रज जिंकले, पण त्यांचे बरेच अधिकारी पडले. पावसाळा आला. आणि मग कोणाच्याही ध्यानीमनी नसलेली अडचण निघाली. १७७३ च्या कायद्याने मुंबईच्या परराष्ट्रव्यवहारावर कलकत्त्याचा अधिकार आला होता. वॉरन हेस्टिंग्जच्या मंडळाने मुंबईचे युद्ध बेकायदा ठरवले आणि कर्नल अप्टनला थेट बारभाईंकडे पाठवले. १ मार्च १७७६ च्या पुरंदरच्या तहात इंग्रजांनी रघुनाथरावांचा पक्ष सोडला, दादांना दरमहा २५,००० रुपये आणि कोपरगावला वास्तव्य देऊ केले, आणि साष्टी आपल्याकडे ठेवली. ज्याच्या नावाने साष्टी घेतली त्याला सोडून दिले, साष्टी मात्र राहिली. पुढे लंडनहून सुरतेच्या तहाला संमती देणारे पत्र आले आणि मुंबईकरांनी रघुनाथरावांना आश्रय देऊन ठेवले. भविष्यात उपयोगी पडेल अशी वस्तू फेकून देऊ नये, असा तो व्यवहार होता.

उपयोगाची वेळ १७७८ मध्ये आली. सेंट लुबिन नावाचा फ्रेंच गृहस्थ पुण्यात येऊन नाना फडणिसांशी बोलणी करत होता, अमेरिकेतील युद्धामुळे फ्रान्स आणि इंग्लंड एकमेकांवर उठले होते, आणि पुण्यातील मुत्सद्द्यांत फूट पडली होती. रघुनाथरावांना पुण्याच्या गादीवर बसवण्यासाठी मुंबईहून सुमारे ३,९०० सैनिकांची फौज निघाली. बरोबर हजारो बैल होते आणि हुकूम एकट्या सेनापतीऐवजी एका समितीचा चालत होता. बोरघाट चढून ही फौज मावळात आली तेव्हा तिला अन्न, चारा, पाणी मिळेनासे झाले. मराठ्यांनी मुलूख उजाड करून ठेवला होता. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याला कॅप्टन स्टुअर्ट तोफेच्या गोळ्याने मेला. त्याच्या धाडसाचे मराठ्यांना कौतुक होते. त्यांनी त्याला इष्टूर फाकडा म्हटले. स्टेशनचे इस्टेशन होते त्याच नियमाने स्टुअर्टचे इष्टूर झाले. शब्दारंभीच्या जोडाक्षराआधी इ घेणे ही आपल्या बोलींची लकब आहे.

फौज तळेगावपर्यंत पोहोचली. पुण्याहून स्वागताला कोणी सरदार आला नाही. रघुनाथरावांनी वारंवार सांगितले होते, की मी दिसताच लोक माझ्याकडे येतील. इंग्रज त्यावर विसंबून होते. परक्या पलटणीच्या मधोमध बसलेल्या दादांकडे कोणीही आले नाही. मला वाटते, त्यांच्या आयुष्यातील खरा पराभव अडास, कासेगाव किंवा धोडपला न होता तळेगावच्या त्या रिकाम्या माळावर झाला. तोफा तळ्यात टाकून, दारूगोळा जाळून फौज रात्री मागे फिरली आणि वडगावला घेरली गेली. जानेवारी १७७९ च्या मध्यास झालेल्या वडगावच्या करारात, १७७३ नंतर मिळवलेले सर्व परत देण्याचे आणि रघुनाथरावांना मराठ्यांच्या हवाली करण्याचे इंग्रजांनी मान्य केले. दादांनी ती वेळ येऊ दिली नाही. ते आपणहून महादजी शिंद्यांच्या छावणीत गेले. मुंबईच्या गव्हर्नर हॉर्नबीने करार नाकारला.

महादजींनी त्यांना झाशीकडे रवाना केले. नर्मदाकाठी पहारेकऱ्यांवर हल्ला करून रघुनाथराव निसटले आणि जून १७७९ मध्ये पुन्हा सुरतेस, आता कर्नल गॉडर्डच्या आश्रयाला, आले. गॉडर्ड बंगालकडून मध्य हिंदुस्थान ओलांडून आला होता. त्याने दादांना दरमहा ५०,००० रुपये नेमून दिले. आकडा वाचून क्षणभर थांबा. चार वर्षांपूर्वी दादा इंग्रजांना महिन्याला दीड लाख देणार होते; आता इंग्रज त्यांना देत होते. पगार कोण कोणाला देतो, यावरून धनी कोण ते कळते. गॉडर्डने अहमदाबाद घेतले, डिसेंबर १७८० मध्ये वसई घेतली, आणि या साऱ्यात रघुनाथरावांना पेशवा करणे हा विषयच मागे पडला. युद्ध त्यांच्या नावाने सुरू झाले होते आणि आता त्यांच्यावाचून चालू होते.

न्यायाने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. बाहेरच्या सत्तांशी संधान बांधणारे ते एकटे नव्हते. नाना फडणिसांनी फ्रेंचांना जवळ केले, १७८० मध्ये हैदर आणि निजाम यांना बरोबर घेऊन इंग्रजांविरुद्ध मोठी युती उभी केली. गुजरातेत गायकवाडांच्या दोन भावांपैकी गोविंदराव दादांकडे आणि फत्तेसिंग बारभाईंकडे होते. पुढे फत्तेसिंगही इंग्रजांना मिळाले. म्हणून रघुनाथरावांवर नुसता देशद्रोहाचा शिक्का मारून प्रकरण संपवणे मला पटत नाही. आपण आज ज्या अर्थाने देश हा शब्द वापरतो तो अर्थ त्या काळी पुण्यातही रुजलेला नव्हता. फरक होता तो अटींत. नानांनी युतीच्या बदल्यात राज्याची नाकेबंदी करता येईल असे ठाणे कोणाला दिले नाही. रघुनाथरावांनी दिले, आणि ज्या ठिकाणांसाठी चुलत्याने माणसे खर्ची घातली होती तीच दिली.

याच सुमारास त्यांनी हणमंतराव नावाच्या ब्राह्मण वकिलाला इंग्लंडला पाठवले. १७८१ मध्ये तो लंडनला होता. एडमंड बर्क या संसदपटूने त्याला आपल्या बीकन्सफील्डच्या घरी नेले आणि त्याचे सोवळे-ओवळे सांभाळले जावे म्हणून बागेतील एक स्वतंत्र जागा स्वयंपाकासाठी दिली. बर्कसारख्या माणसाचे सौजन्य मिळाले, पदरात काही पडले नाही. पुण्याच्या गादीचा तंटा हजारो मैलांवरच्या सभागृहापुढे नेण्याचा हा प्रयत्न मला कीव आणणारा वाटतो आणि विलक्षणही.

१७ मे १७८२ रोजी महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला. नानांनी त्यावर फेब्रुवारी १७८३ मध्ये मान्यतेची मोहोर उठवली. सात वर्षांच्या युद्धाचा हिशेब असा : वसई आणि पुरंदरच्या तहानंतर जिंकलेला मुलूख इंग्रजांनी परत दिला. साष्टी त्यांच्याकडे राहिली. रघुनाथरावांना त्यांनी यापुढे आश्रय द्यावयाचा नव्हता; दादांनी चार महिन्यांत आपली राहण्याची जागा निवडावी, त्यांना दरमहा २५,००० मिळतील. सहा वर्षांपूर्वी पुरंदरला देऊ केलेली रक्कम हीच होती. मधल्या काळात तळेगाव जळले, अहमदाबाद लुटले गेले, बोरघाटाखालची गावे दोन्ही सैन्यांच्या पायांखाली आली, आणि दादा पुन्हा त्याच आकड्यापाशी येऊन उभे राहिले.

त्यांनी कोपरगाव निवडले. तेही गोदावरीच्याच काठी, आनंदवल्लीच्या खाली पुष्कळ अंतरावर. ११ डिसेंबर १७८३ रोजी, वयाच्या पन्नाशीच्या आत, ते तेथे वारले. आनंदीबाई तेव्हा गरोदर होत्या. धाकटे चिमाजी वडिलांच्या मृत्यूनंतर जन्मले. नानांनी या कुटुंबावर पहारा ठेवला. १७९३ मध्ये त्यांना कोपरगावहून आनंदवल्लीला आणण्यात आले आणि १७९४ च्या मार्च महिन्यात आनंदीबाईंनी येथेच देह ठेवला. त्यानंतर तिन्ही मुलांना जुन्नरकडे, शिवनेरीवर, हलवले गेले.

मुलांची हकीकत थोडक्यात सांगून थांबतो. सवाई माधवराव १७९५ मध्ये वारले आणि पुढच्या वर्षाच्या अखेरीस दुसरे बाजीराव पेशवे झाले. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ हडपसरला त्यांचा आणि शिंद्यांचा पराभव केला. यशवंतरावांनी पुण्याच्या कारभारासाठी अमृतरावांना पुढे केले, म्हणजे पुन्हा एकाच घरातील दोघे समोरासमोर आले. बाजीराव कोकणात उतरले आणि इंग्रजांच्या जहाजाने वसईला गेले. तेथे, ३१ डिसेंबर १८०२ रोजी, त्यांनी इंग्रजांची तैनाती फौज कायमची पदरी घेण्याच्या तहावर सही केली आणि तिच्या खर्चासाठी २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. मे १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीच्या फौजेने त्यांना पुण्यात आणून गादीवर बसवले. अमृतरावांना त्याच वर्षी कंपनीने वार्षिक सात लाखांची नेमणूक दिली आणि ते उत्तरेत चित्रकूटजवळ कर्वीला जाऊन राहिले. बाजीरावांना १८१८ मध्ये आठ लाखांची मिळाली. ते बिठूरला गेले.